जुन्या सभासदांची बिलं गायब: शेवटच्या स्पेसचा घोळ (एसक्यूएल सर्व्हर ते पोस्टग्रेस)

दूधगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, चार दिवस डोकं पिकलं होतं, आत्ता कुठं उलगडा झालाय म्हणून सगळं लिहून ठेवतोय. लांबेल, पण डेटाबेस हलवायचं काम करणाऱ्या कुणालातरी उपयोगी पडेल.

एका गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर होता, लायसन्सचा खर्च नको म्हणून गेल्या महिन्यात पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर हलवला. टेबलं मोजली, रो (ओळी) जुळल्या, लिटरची बेरीज पॉइंटापर्यंत जुळली, दोन दिवस संकलन चालवून बघितलं, कुठं काही अडलं नाही. मग दहा दिवसांचं बिल काढायचा दिवस आला आणि सकाळी साडेआठला सचिवांचा फोन, "साहेब, १२७ नंबरची पावतीच येईना झालीय, आणि एकट्या १२७ची नाही, मागं लाईन लागलीय."

गेलो. खिडकीशी १२७ नंबरवाल्या आजी उभ्या. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ-साडेनऊ लिटर, रोजचं माप आणि फॅट कार्डावर पेनानं लिहिलेलं, आणि माझ्या स्क्रीनवर त्यांचं बिल नाही. शून्याचंही नाही, ओळच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. संकलनाच्या टेबलात त्यांचं दूध आहे, सभासदांच्या टेबलात त्यांचं नाव आहे, कोड दोन्हीकडं १२७, आणि दोन्ही टेबलं जोडली की आजी गायब.

यादी काढली तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. गायब झालेले सगळे जुने सभासद होते, २००९ च्या आधी नाव घातलेले. त्यानंतरचे सगळे व्यवस्थित. २००९ साली ही संस्था फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवरून एसक्यूएल सर्व्हरवर आली होती (तेव्हा मी नव्हतो, दुसऱ्या कुणीतरी केलेलं). मग कोडच्या दोन्ही बाजूला चौकोनी कंस लावून प्रिंट केलं:

[१२७   ]
[१२७]

वरचा सभासदांच्या टेबलातला, लांबी ६. खालचा संकलनातला, काट्यावरून आलेला, लांबी ३. फॉक्सप्रोच्या फाईलीत कोडची जागा सहा अक्षरांची, म्हणून मागं तीन स्पेस भरून आलेले, आणि ते गेली कित्येक वर्षं तिथंच बसून होते. एसक्यूएल सर्व्हर दोन्ही कोड सारखे धरायचा, पोस्टग्रेस धरत नाही. पोस्टग्रेसमध्ये मी कॉलम व्हारकॅर (बदलत्या लांबीचा मजकूर) ठेवला होता, तिथं प्रत्येक स्पेस मोजला जातो.

तात्पुरतं जोडणीत आरट्रिम (मागचे स्पेस कापणारं फंक्शन) घालून दुपारपर्यंत सगळ्यांची बिलं काढून दिली. आजी तोवर पायरीवर बसून होत्या, ते बघवत नव्हतं.

पण मला खरं खटकतंय ते वेगळंच. हलवायच्या आधी मी जुन्या सर्व्हरवर हेच तपासलं होतं! कोड आणि आरट्रिम केलेला कोड एकमेकांशी नाही जुळत अशा रो शोधल्या, उत्तर आलं शून्य. म्हणून निर्धास्त होतो. असं कसं?

---

रानवाट

शून्य येणारच होतं, कारण तू ज्या नियमाबद्दल शंका घेत होतास त्याच नियमाला साक्षीला बोलावलंस. "बरोबर" आणि "बरोबर नाही" ही दोन्ही चिन्हं एसक्यूएल सर्व्हरमध्ये तुलनेच्या आधी आखूड बाजूला स्पेस जोडून लांबी सारखी करतात. म्हणजे "१२७ आणि तीन स्पेस" विरुद्ध "१२७" विचारलंस की तो आधी दोन्ही सारखे करणार आणि मग सांगणार, फरक नाही.

तिथं शोधायचं तर डेटालेंग्थ वापर, तो बाइट मोजतो. डेटालेंग्थ(कोड) आणि डेटालेंग्थ(आरट्रिम(कोड)) वेगळे असलेल्या रो काढ, लगेच सापडतील. लेन (लांबी सांगणारं फंक्शन) वापरू नकोस, लेन शेवटचे स्पेस मोजतच नाही, "१२७" आणि "१२७   " दोन्हीला ३ म्हणतो. आमच्याकडं नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच दाखवतो, की लेनवर विसंबून कधी "डेटा स्वच्छ आहे" म्हणायचं नाही.

आणि देवनागरी असेल तर बाइटचा हिशोब डोक्यात ठेव. एनव्हारकॅरमध्ये (यूनिकोड मजकुराचा टाइप) "पुणे" आणि एक स्पेस म्हणजे प, उकार, ण, मात्रा, स्पेस अशी पाच कोडं, प्रत्येकी दोन बाइट, डेटालेंग्थ १० येतो आणि लेन ४. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक कोड तीन बाइटचं, म्हणून तेच लेंग्थने १३ येतं आणि कॅर-लेंग्थने ५.

---

जुनाफॉक्सप्रो

धागा वाचून पंचवीस वर्षं मागं गेलो. सहकारी संस्था, पतपेढ्या, बाजार समित्या, कितीतरी ठिकाणी फॉक्सप्रोच होतं आणि डीबीएफ फाईलीतलं कॅरेक्टर फील्ड ठरलेल्या रुंदीचंच असतं, सहाचं फील्ड म्हणजे सहा अक्षरं, कमी पडली की मागं स्पेस. आम्ही हात आपोआप ऑलट्रिमवर (दोन्हीकडचे स्पेस कापणारं फंक्शन) जाईपर्यंत ऑलट्रिम लिहिलंय.

फॉक्सप्रोत तुलनेचाही वेगळा प्रकार होता. सेट एक्झॅक्ट ऑन असेल तर आखूड बाजूला स्पेस भरून तुलना, ऑफ असेल तर उजवीकडची स्ट्रिंग संपली की तुलना तिथंच थांबायची, म्हणजे डावीकडं १२७ आणि उजवीकडं १२ असेल तरी "बरोबर"! एका ठिकाणी १२ नंबरच्या खात्याला १२७चा व्याज लागला होता ते आठवलं. त्यामुळं त्या काळातून आलेला कुठलाही डेटा हातात आला की मी आधी शेवटचं अक्षर बघतो.

ही पद्धत त्याच्याही आधीची. कोबॉल या जुन्या भाषेत दहा अक्षरांचं फील्ड म्हणजे दहाच, आणि दोन लांब-आखूड फील्डांची तुलना करताना आखूडाला उजवीकडून स्पेस लावलेत असं धरायचं. पंचकार्डाला ८० कॉलम, त्यात भोक न पाडलेली जागा म्हणजे रिकामीच. त्या लोकांच्या दृष्टीनं मागचा स्पेस हा डेटा नव्हताच, न वापरलेली जागा होती. एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात तोच विचार आला.

---

मोगरा

मानकाबद्दल थोडी भर घालते. ९२ च्या मानकात दोन्ही सोयी आहेत, पॅड स्पेस (आखूड बाजूला स्पेस भरून तुलना) आणि नो पॅड (न भरता), आणि ही गोष्ट कोलेशनची आहे. म्हणजे अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची, लहान-मोठी लिपी एक मानायची की नाही, हे जिथं ठरतं तिथंच मागचा स्पेस मोजायचा की नाही हेही ठरतं. त्यामुळं "एसक्यूएलमध्ये स्पेस मोजतात का" या प्रश्नाला एक उत्तर नाही.

मायएसक्यूएलवाल्यांनी तर हे नीट समजून घ्याच. आठव्या आवृत्तीच्या आधी बायनरी सोडून बाकीची कोलेशनं पॅड स्पेस होती. २०१८ मध्ये आठ आलं, त्यात डीफॉल्ट कोलेशन यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, आणि ते नो पॅड आहे. जुनी टेबलं मात्र आपलं जुनं कोलेशन घेऊन तशीच राहतात. म्हणजे अपग्रेडनंतर एकाच सर्व्हरवर मागच्या वर्षीच्या टेबलात "पुणे" आणि "पुणे " एक, आणि काल नव्या कोलेशननं बनवलेल्या टेबलात दोन वेगळी. आमच्याकडं कोर्स नोंदणीच्या टेबलात हेच झालं होतं, जुन्या टेबलात युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा) दुसरी नोंद अडवायचा, नवीन टेबलात दोन्ही निवांत बसल्या.

इन्फर्मेशन स्कीमातल्या कोलेशन्स टेबलात पॅड-अॅट्रिब्यूट नावाचा कॉलम आहे, तो बघा. आणि मायएसक्यूएलमध्ये लाईक (नमुन्यानं शोधणं) हा पॅड स्पेस मानत नाही, अक्षर-अक्षर बघतो, म्हणून बरोबरच्या चिन्हानं सापडणारी रो लाईकनं सापडत नाही.

---

रानवाट

लाईकचं एसक्यूएल सर्व्हरमध्ये अजून त्रांगडं आहे. पॅटर्नच्या शेवटी स्पेस दिलास तर तो मोजला जातो. पण कॉलम साधा व्हारकॅर असेल तर कॉलममधले मागचे स्पेस दुर्लक्षित होतात, आणि एनव्हारकॅर असेल तर तेही मोजले जातात. एकच क्वेरी, कॉलमचा टाइप बदलला की उत्तर बदललं.

---

शांभवी_आर

ओरॅकल या डेटाबेसमधला माझा अनुभव. कॅर(१०), म्हणजे ठरलेल्या दहा अक्षरांचा कॉलम, त्यात शाखा-कोड. टूलमध्ये हातानं "बरोबर 'कोप०१'" लिहिलं की रो येते, जावामधून तीच क्वेरी बाइंड व्हेरिएबलनं (मूल्य वेगळं पाठवून) चालवली की शून्य रो. दीड दिवस गेला माझा यात.

कारण असं की ओरॅकलमध्ये दोन्ही बाजू कॅर असतील तरच स्पेस भरून तुलना होते, आणि क्वेरीत लिहिलेलं अक्षरी मूल्य कॅर धरलं जातं. एक बाजू जरी व्हारकॅर२ असली की स्पेस न भरता तुलना. जावाचं सेटस्ट्रिंग व्हारकॅर म्हणून पाठवतं, म्हणून "कोप०१" विरुद्ध "कोप०१ आणि पाच स्पेस", जुळत नाही. ओरॅकलच्या ड्रायव्हरमध्ये सेटफिक्स्डकॅर आहे ते वापरलं, नंतर कॉलमच व्हारकॅर२ करून घेतला.

आणि ओरॅकलवर ट्रिम करताना लक्षात ठेवा, नुसते स्पेस असलेल्या मूल्याला ट्रिम केलं की रिकामी स्ट्रिंग उरते आणि ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल (मूल्यच नाही). कॉलम नॉट नल असेल तर अपडेट तिथंच आपटतं.

---

निवांत_पाटील

+१, वाचनखूण साठवली.

एक साधा प्रश्न. सभासद क्रमांक आहे तर कॉलम इंटिजर का नाही? स्पेसचा प्रश्नच मिटला असता.

---

दूधगंगाकाठ

@निवांत_पाटील, आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण भावाभावांत वाटणी झाली की संस्था नवीन नंबर देत नाही, थोरल्याकडं १२७ राहतो, धाकट्याला १२७ए मिळतो. गावात लोक स्वतःला त्या नंबरानं ओळखतात, "आम्ही १२७वाले" म्हणतात, तो बदलता येणार नाही.

@रानवाट, डेटालेंग्थनं जुन्या बॅकअपवर चालवलं आणि सगळे सापडले, नेमके तेच. माझी तपासणी बिनकामाची का ठरली ते पटलं.

आता दुसरं संकट सांगतो. पोस्टग्रेसवर गेल्यापासून काउंटरवरच्या ऑपरेटरला जुन्या सभासदाचा नंबर टाकला की "सापडला नाही" यायचं. तीन वेळा त्यानं सरळ नवीन सभासद म्हणून तोच नंबर घातला, आणि पोस्टग्रेसनं घेतला, कारण त्याच्या लेखी "१२७" आणि "१२७   " वेगळे, युनिक इंडेक्स अडवणार कसा. म्हणजे आता तीन माणसं टेबलात दोनदोनदा आहेत, एकाच्या नावावर जुना शेअर आणि अनामत, दुसऱ्याच्या नावावर या महिन्याचं दूध. नुसतं अपडेट करून स्पेस काढायला गेलो तर युनिक इंडेक्स ओरडतोय.

---

मोगरा

आधी आरट्रिम केलेल्या कोडवर ग्रुप बाय करून एकापेक्षा जास्त असलेले काढा, तीनच आहेत ना खात्री करून घ्या. मग प्रत्येक जोडीत शेअर आणि अनामत असलेली जुनी रो ठेवा, नव्या रोला चिकटलेल्या नोंदी जुन्याकडं वळवा, नवी रो काढा, आणि मग सगळ्यांचे स्पेस उडवा. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि कमिट करायच्या आधी लिटर आणि रुपयांची बेरीज आधीशी ताडून बघा.

एक विचारू का, संकलनाच्या टेबलावरून सभासदांकडं फॉरेन की (सभासदांत नसलेला कोड न घेणारं बंधन) नव्हती का? असती तर डेटा भरतानाच पोस्टग्रेसनं पहिल्या दिवशी थांबवलं असतं.

---

दूधगंगाकाठ

नव्हती. लोड लवकर व्हावा म्हणून "नंतर लावू" ठरवलं आणि नंतर राहिली. आता स्पेस काढले की लावतो.

---

केळीचं_पान

सगळे ट्रिम ट्रिम करताय म्हणून सांगतो, ट्रिम फक्त साधा स्पेस काढतो, यूनिकोडमधला ३२ नंबरचा. वेब पेजवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात १६० नंबरचा नॉन-ब्रेकिंग स्पेस येतो, दिसायला अगदी तसाच, पण ट्रिम त्याला हात लावत नाही. एक्सेलचं ट्रिमही लावत नाही, तिथं आधी सबस्टिट्यूट वापरून १६० चा ३२ करावा लागतो. टॅब, लाईन फीड, कॅरेज रिटर्न यांचंही तेच. आणि पॅड स्पेसवाल्या डेटाबेसमध्येसुद्धा सूट फक्त ३२ ला मिळते, १६० असेल तर दोन्ही मूल्यं वेगळीच.

आमच्या शाळांच्या यादीत एका तालुक्याचं नाव दोनदा यायचं, कंस लावून बघितलं तर दोन्हीकडं मागं एकेक "स्पेस", लांबी पण सारखी, तरी जुळेना. शेवटी हेक्स (प्रत्येक बाइटचा आकडा) काढलं, एकाच्या शेवटी २० आणि दुसऱ्याच्या शेवटी सी२ ए०. म्हणून माझं म्हणणं, लांबीवर थांबू नका, शेवटचे बाइट डोळ्यांनी बघा.

---

अनुस्वार

मराठीत याच जातीची अजून एक अडचण आहे. खडकवासल्याजवळचं गोऱ्हे घ्या. कुणी ऱ हे अक्षर वापरून टाइप करतो, कुणी साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर घालून. "ऱ्हे" पहिल्या पद्धतीनं चार कोडं, दुसऱ्या पद्धतीनं पाच, छापल्यावर तोच आकार. यूनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या रूपांना एक रूप देणं) केलं तरी ही दोन एक होत नाहीत. गावांच्या नावावर जोडणी करणाऱ्यांनी हे जरूर बघावं. यावर वेगळा धागा काढतो, इथं गर्दी नको.

---

ध्रुव७

सगळीकडं ट्रिम करा या सल्ल्याला माझा थोडा विरोध आहे. पासवर्ड, डिजिटल सहीचा मजकूर, हॅश काढायचा कुठलाही मजकूर, यात शेवटचा स्पेस हा माणसानं दिलेला डेटा आहे आणि तो काढायचा आपल्याला अधिकार नाही. कोड, नंबर, ईमेल यांचे स्पेस आत येतानाच काढा, हे मान्य. पण "डेटाबेस सगळं सांभाळून घेईल" असा नियम मला नको वाटतो, म्हणून पोस्टग्रेसचं वागणं मला जास्त पटतं.

शिवाय पॅड स्पेसवाला डेटाबेस "सारखे" म्हणतो पण तुमचा प्रोग्राम नाही म्हणत. पायथनची डिक्शनरी किंवा जावाचा हॅशमॅप "१२७" आणि "१२७   " वेगळेच ठेवतो. एसक्यूएल सर्व्हर फॉरेन की म्हणून स्वीकारतो आणि ओआरएमला (टेबलं प्रोग्रामशी जोडणारी लायब्ररी) मेमरीत दोघांचं नातं सापडत नाही, हे मी स्वतः निस्तरलंय. आणि डिस्टिंक्ट केलं तर दोघांतला कुठलाही एक दाखवतो, स्पेसवाला की बिनस्पेसवाला ते तुमच्या हातात नाही.

---

जुनाफॉक्सप्रो

@ध्रुव७, पोस्टग्रेसमध्येही कॅर(एन) घेतलं तर मागचे स्पेस मोजत नाहीत हां. टेक्स्ट आणि व्हारकॅर मोजतात. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही आहेत.

आणि एसक्यूलाइट वापरणाऱ्यांसाठी, तिथं साधी तुलना बाइटनुसारच होते, पण आरट्रिम नावाचं तयार कोलेशन आहे, कॉलमला लावलं की मागचे स्पेस सोडून बघतं.

---

दूधगंगाकाठ

@ध्रुव७, तुमचं पटलं. मी सभासद कोडपुरतंच करतोय.

काल रात्री संकलन संपल्यावर बसलो. जोड्या तीनच निघाल्या. मोगराताईंनी सांगितलं त्या क्रमानं केलं, बेरजा जुळल्या, कमिट केलं. जोडणीतलं आरट्रिम काढून टाकलं, ते राहिलं असतं तर कोडवरचा इंडेक्स वापरलाच जात नव्हता, आणि पुढचा प्रोग्रामर म्हणाला असता की हे कशाला.

आता चेक (न बसणारं मूल्य अडवणारं बंधन) लावायचाय, कोड बरोबर बीट्रिम(कोड), म्हणजे दोन्हीकडचे स्पेस कापलेला कोड. पुरेल ना?

---

रानवाट

पोस्टग्रेसवर चालेल. हाच चेक कुणी एसक्यूएल सर्व्हरवर लावला तर मागच्या स्पेसबाबत तो कायम खराच येणार, कारण परत तीच तुलना, तिथं डेटालेंग्थच पाहिजे.

पण तुझ्याकडं कोडचा आकार ठरलेला आहे, मग "काय नको" सांगण्यापेक्षा "काय पाहिजे" तेच सांग. आकडे, आणि मागं हवं तर एक इंग्रजी मोठं अक्षर, सुरुवात ते शेवट, बाकी काही नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनचा (अक्षरांच्या नमुन्याचा) चेक लाव. म्हणजे केळीचं_पान म्हणतात तो १६० नंबरवालाही अडेल.

---

दूधगंगाकाठ

@रानवाट, तसाच लावला, सभासद आणि संकलन दोन्ही टेबलांवर. आणि आज सकाळीच उपयोग झाला.

वाडीवर दुसरं संकलन केंद्र आहे, तिथला काटा वेगळ्या कंपनीचा, आज पहिल्यांदा जोडला. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्याच कॅनला एरर, चेक मोडला. लॉग उघडला तर कोड साधा दिसतोय, ४१. हेक्स काढलं तर शेवटी ०डी. त्या काट्याच्या ओळीत कोड सगळ्यात शेवटी येतो आणि सिरीयल पोर्टवरून ओळ संपताना कॅरेज रिटर्न येतो, माझा प्रोग्राम फक्त लाईन फीड कापत होता. बीट्रिमवाला चेक असता तर त्यानं हे अडवलं नसतं.

प्रोग्राममध्ये ओळ वाचतानाच दोन्ही कापले, तोवर तिथल्या पोरानं चार जणांचं माप वहीत लिहून ठेवलं होतं, ते हातानं भरलं. पावणेसातला काटा चालू.

बिल परत काढून बघितलं मागच्या दहा दिवसांचं, आरट्रिम न लावता. १२७ ची ओळ आली, ९४.५ लिटर, आजींच्या कार्डावर आहे तेवढंच.